पांढरी झाली की फोन करा

४ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी ती माझ्यावर ओरडली आणि माझं आयुष्य बदललं. वाढवून सांगत नाहीये. खरंच त्याच क्षणी.

दवाखान्यातून घरी सिस्टर येणार, बाबांच्या पायाचं ड्रेसिंग करणार, एवढंच माहीत होतं. मला वाटलं, येईल कोणीतरी पन्नाशीची, खेकसणारी. आली ती माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी. (खेकसणारी मात्र निघाली.) पुढच्या खोलीत आमचं शिंप्याचं दुकान. दोन मशीन, इस्त्रीचं टेबल, चिंध्यांचं पोतं. बसायला जागा नाही. तिने कोणाला न विचारता अर्धवट शिवलेले कोट उचलून आत्याच्या हातात दिले, स्टूल ओढलं आणि बाबांचा पाय टॉवेल टाकून स्वतःच्या मांडीवर घेतला.

उजवा पाय. पायडलचा. मशीनची तुटलेली सुई चवड्यात घुसली आणि बाबांना पत्ताच नाही! साखरेने पाय बधिर झालाय त्यांचा. मोजा धुताना आत्याने रक्त पाहिलं तेव्हा कळलं. तोवर आत पू.

तिने पाकिटातून एक तपकिरी पट्टी काढली. जाड, लवचिक, ओल्या चामड्यासारखी. मी बघायला हात पुढे केला.

‘हात मागे!’

आणि मी हात मागे घेतला. मी! सरांनी भर वर्गात ‘नक्कल केलीस’ म्हटल्यावर — केली नव्हती! — बाक लाथाडून कॉलेजबाहेर पडलेला मी! वर्षभरात मला कोणी काही बोलून दाखवावं आणि मी ऐकून घ्यावं, असं झालेलं नाही. कान गरम झाले. रागाने नाही.

मग ती बाबांना सांगत होती. ‘यात औषध भरलेलं आहे काका. एकदम सुटत नाही, थोडं थोडं सुटतं. तपकिरी आहे तोवर काम चालू. वरून पारदर्शक चिकटपट्टी आहे, रंग दिसत राहील. कडेपर्यंत पांढरी झाली की औषध संपलं, मग फोन करा. चार दिवस आरामात जातील. तोवर उघडायची नाही, भिजवायची नाही, ‘बघू तरी’ म्हणून कोपरा उचलायचा नाही.’

मी म्हटलं, ‘मला माहीत आहे. फार्मसीला होतो मी.’

‘होतो म्हणजे?’

‘सोडलं.’

‘बरं,’ म्हणाली आणि हात धुवायला गेली. बरं! दोन वर्षं शिकलो त्याचं एका शब्दात बरं.


५ नोव्हेंबर

तपकिरी.


६ नोव्हेंबर

अजून तपकिरी. कोण बनवतं ही पट्टी? इतकं टिकाऊ बनवायची काय गरज असते माणसाला!


८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पांढरी. फोन मीच केला. दुपारी आली.

आत्या म्हणाली, ‘आज भांग सरळ पडलाय. लग्न कोणाचं आहे?’ तिच्यासमोर म्हणाली नाही, नशीब माझं. दाढीही केली होती. निळा शर्ट. बाबांनीच शिवलेला, गेल्या वर्षी, मी रागाने घातला नव्हता तो.

जखम लहान झाली आहे. कडेने गुलाबी नवी कातडी. ‘छान चाललंय,’ ती म्हणाली. मला नाही, जखमेला. मी कोमट पाण्याचं भांडं आणलं आणि निम्मं तिच्या बुटांवर सांडलं. तिने नुसतं बघितलं. हे ओरडण्यापेक्षा वाईट.

एकंदर मी तिच्याशी आज बोललेले शब्द: ‘हं’, ‘हो’ आणि ‘सॉरी’.

बाबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. टेप न लावता गिऱ्हाइकाचं माप घेतात तसे.


९ नोव्हेंबर

भांडलो. पँटची उंची कमी झाली म्हणून एक जाडा दुकानात आरडाओरडा करायला लागला. मी म्हटलं, पँट तेवढीच आहे, तुमचं पोट पुढे आलंय. गेला निघून. बाबा म्हणाले, ‘डोकं इस्त्रीवर ठेवून आलास का रे?’

मी म्हटलं, शिवायची हौस मला नाही, पाय बरा झाला की बसा तुम्हीच. मग आतल्या खोलीत जाऊन पडलो. जेवलो नाही. आत्याने दाराबाहेरूनच ऐकवलं — ‘उपाशी राहून कोणाचं नाक कापतोस? आमची दोन घासांची बचतच आहे.’

मी बाहेर आलो तेव्हा बाबांनी विचारलं, ‘ती सिस्टर आता केव्हा येईल?’

‘पांढरी झाली की. मंगळवारी वगैरे.’

‘हं,’ म्हणाले आणि काज करायला लागले.


११ नोव्हेंबर, सोमवार

पांढरी! एक दिवस आधीच! सकाळी बाबांनीच हाक मारली — ‘अरे, बघ बरं, ही फिकटली का?’ मी बघितलं आणि माझा आवाजच चिरकला. फोन केला.

ती आली. सगळं नीट झालं. भांडं सांडलं नाही. जाताना म्हणाली, ‘तुमचे बाबा गमतीदार आहेत.’ तुमचे! म्हणजे मी हिशेबात आहे.

संध्याकाळी आत्या आणि बाबांबरोबर जेवलो. बाबांनी त्यांचा जुना किस्सा सांगितला, एका नवरदेवाचा कोट दुसऱ्या नवरदेवाला गेल्याचा. हजार वेळा ऐकलाय. हसलो.


१३ नोव्हेंबर, बुधवार

आज परत पांढरी. परत आली. आनंद व्हायला हवा होता.

पट्टी काढली आणि तिच्या कपाळावर आठी. गुलाबी कातडी गेली! तिथे लाल, सोललेलं. मधे पिवळट. वास. ‘दोन दिवसांत कशी संपते ही?’ असं स्वतःशीच. मग बाबांना — ‘पाय पाण्यात घातला होता का? कोपरा उचलला? कोणी काही लावलं?’

‘छे छे,’ बाबा म्हणाले. ‘पाय स्टुलावर आणि मी खुर्चीत.’

‘आठवून सांगा काका.’

इथे माझं डोकं फिरलं. म्हणजे आम्ही खोटं बोलतो? पट्टी तुमची, औषध तुमचं, आणि चौकशी आमची? बोललो नाही. पण तोंडावर दिसलं असणार, कारण ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मी भांडत नाहीये. मला कळायला हवं.’

तिच्यावर प्रेम आहे आणि तिच्यावरच संताप आला आहे. हे दोन्ही एकाच छातीत कसं राहतं? राहतंय.


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर वाईट येईल. येऊ दे.

बाबांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली, चिमट्याने टोचून पाहिली, बाबा आपले खिडकीबाहेर बघत, त्यांना कुठे काय कळतंय! डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘वरची कातडी औषधाने भाजल्यासारखी झाली आहे आणि आत मात्र औषध पोचत नाहीये, सडतंय. असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. कदाचित शेजारचं बोटही. दोन आठवडे बघू.’

अंगठा! शिंप्याचा! उजव्या पायाचा अंगठा गेला तर पायडल दाबणार कशाने?

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना — माझी तिथे कॉरिडॉरमध्ये गेली. कारण मला कळलं. दोन वर्षं घासलेलं सगळं डोळ्यांसमोर आलं. अशा पट्टीचा जीव तिच्या वेगात असतो. चार दिवसांचं औषध भसकन सुटलं तर पहिल्या तासांत कातडी जाळतं आणि मग संपून जातं, जंतूंना मोकळं रान. म्हणजे पट्टी खराब आहे! म्हणजे ती नीट ठेवलेली नाही! तिची स्कूटर मी पाहिली आहे. डिकी पाहिली आहे. दिवसभर उन्हात उभी. घरोघर फिरते आणि औषधं भाजत बसतात डिकीत!

खाली गेलो. काउंटरवर हात आपटला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. ‘शिळा माल’ म्हणालो. ‘माणसांच्या पायांवर प्रयोग’ म्हणालो. ‘डिकीत ठेवते ती, डिकीत!’ म्हणालो. बाकांवरचे सगळे बघत होते. मोठी सिस्टर बाहेर आली. आणि तिच्यामागे ती. हातात ट्रे.

‘मी डिकीत काही ठेवत नाही,’ ती म्हणाली. हळू. ‘थंड पेटी असते माझ्याकडे. पायाशी ठेवते.’

‘मग दोन दिवसांत पांढरी का होते? सांग ना! सांगा ना!’

ट्रेमधली कात्री किणकिणत होती. मोठी सिस्टर सगळ्यांसमोर तिला म्हणाली, ‘चौकशी होईपर्यंत तू कोणाच्या घरी जायचं नाहीस. आत बस.’

ती आत गेली. माझ्याकडे न बघता.

बाबा व्हीलचेअरवर होते, जिन्याजवळ. सगळं ऐकलं त्यांनी. घरी आलो. आत्याला एवढंच म्हणाले, ‘मशीनवर कापड टाक.’


१६ नोव्हेंबर

जिंकलो. थू!


१७ नोव्हेंबर, रविवार

बाबा खोलीतून हलत नाहीत. आत्या माझ्याशी बोलत नाही, भांडी बोलतात. आदळून.

मी बरोबर आहे. मी बरोबर आहे. बापाचा पाय चालला आहे आणि मी काय भांग पाडत बसू? कोणीही हेच केलं असतं.

कोणीही कात्रीचा तो आवाज ऐकत बसला नसता मात्र.


१८ नोव्हेंबर, सोमवार

आज तिच्या जागी ब्रदर आला. हा केवढा! दारातून तिरका आत आला. मिशा, घामाचा वास, आणि आल्या आल्या शिट्टी वाजवत काम सुरू. बाबांना ‘काय मास्टर, गोलंदाजी बंद का सध्या?’ असलं काहीतरी. बाबा हसले नाहीत. त्याने जुनी काढली, नवी लावली, पंधरा मिनिटांत पसार. शर्टाला बटण लावून घेतलं जाता जाता. फुकट.

मी दाढी केलेली नव्हती. कशाला करू?


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस टिकली! आज कुठे पांढरी झाली. चार दिवस!

बघा! बघा म्हणावं! म्हणजे तिचाच माल खराब होता. मी बोललो तेच खरं. ब्रदर आल्यावर त्याला मी दारातच सांगितलं — ‘बघितलंत? चांगली पट्टी अशी टिकते.’

‘कसली चांगली पट्टी?’ तो मिशीत बोलला. ‘ही तिच्याच पेटीतली. खोकं अर्धं राहिलं होतं ते मला दिलं. बाकीच्या पाच घरी तीच वापरली तिने, तीच मी वापरतोय. सगळीकडे चार दिवस.’

‘सगळीकडे?’

‘तुमच्याकडे सोडून. पाय जरा वर घ्या मास्टर.’

पट्टी तीच. खोकं तेच. पाय तोच. आधी चार दिवस, मग तीन, मग दोन — आणि आता परत चार.

बाबा खिडकीबाहेर बघत होते.


२३ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर दुकानात बसलो. कपडे पोचवायला गेलोच नाही. आत्या म्हणाली, ‘आज काय दुकानाला टाळं लावायचा विचार आहे?’ हे तिचं आठवड्यातलं पहिलं वाक्य.

बदललं काय? खोली तीच, खुर्ची तीच. फक्त येणारं माणूस बदललं.

डोक्यात एक विचार आला आहे. इतका घाणेरडा विचार, की तो खरा नसेल तर मी बाबांच्या पाया पडेन. ज्या पायाला चालेल त्या.

दुपारी मुद्दाम म्हटलं, ‘चौकशी संपली म्हणे. या खेपेला पांढरी झाली की तीच येणार आहे परत.’ साफ खोटं.

बाबांनी सुईत दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात गेला. ‘असं? बरं झालं,’ म्हणाले.


२४ नोव्हेंबर, रविवार

कपडे पोचवायला जातो सांगून निघालो. कोपऱ्यावरून फिरलो आणि परत आलो. दारात आत्या पँटच्या कडेला हेम घालत बसली होती. मला बघून खोकायला लागली. उगाचच! घरात कोणाला साधी सर्दी नाही आणि ही खोकतेय, पोलीस आल्यावर खोकावं तशी!

तिला ओलांडून आत गेलो.

बाबांचा पाय स्टुलावर. टेबलावर इस्त्री गरम. त्यांच्या हातात फलाटीनच्या कापडाची घडी, इस्त्रीवरून नुकती उचललेली, वाफ निघतेय. ती त्यांनी पट्टीवर ठेवली आणि वरून तळहाताने दाबली. हळू, सगळीकडे सारखी. कॉलर बसवतात तशी. काय सफाई! पन्नास वर्षांची सफाई!

‘काय करताय?’

हात थांबला. घडी तिथेच.

‘शेकतोय.’

‘तुमच्या पायाला काही कळत नाही. शेकताय काय?’

‘पाय नाही,’ बाबा म्हणाले. ‘पट्टी.’

मी घडी ओढून भिंतीवर फेकली. ते म्हणाले, ‘अरे, कॉलरच्या आतलं कडक बकरम कसं बसवतात? त्याला डिंक असतो. गरम इस्त्री फिरवली की डिंक सुटतो आणि कापडात शिरतो. म्हटलं, हे औषधही तसंच असणार. गरम केलं की लवकर सुटेल. वाया थोडंच जातंय? शेवटी माझ्याच पायात जातंय ना? चार दिवसांचं दोन दिवसांत जातंय, एवढंच.’

एवढंच!

‘पण का?’

दारातून आत्या — ‘का म्हणून काय विचारतोस, घोड्या? तुझ्यासाठी! पट्टी पांढरी झाल्याशिवाय ती येते का?’

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. इस्त्रीची वायर गुंडाळत होते. ‘ती यायची त्या दिवशी तू दाढी करायचास,’ म्हणाले. ‘आमच्यात बसून जेवायचास. त्या दिवशी गिऱ्हाइकाला पाणी विचारलंस. वर्षभर तुझा आवाज मी भांडतानाच ऐकलाय रे. म्हटलं, येऊ दे तिला जरा लवकर लवकर. लागेल सूर.’

‘मी मागितला होता तुमचा पाय? मागितला होता? बोललो होतो मी काही?’

‘तू कुठे काय बोलतोस?’

मग मी ओरडलो. औषध एकदम सुटलं की काय होतं ते ओरडून सांगितलं. कातडी कशी जळते, मग कसं काही उरत नाही, आत कसं सडतं. डॉक्टर अंगठा का काढायचा म्हणतात. आठवडाभर कोणाचं नाव बुडवून मी बसलोय. सगळं. शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या असतील, उघडू देत.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, ‘हे सगळं तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?’

‘हो!’

‘मग एकदा समजावून सांगायचंस ना. हे असं गरम चालत नाही बाबा, म्हणून. मला वाटलं, उघडू नका-भिजवू नका एवढंच आहे.’

‘तुम्ही विचारलंत?’

‘तुला?’ बाबा म्हणाले. ‘तुला विचारायचं म्हणजे आधी हेल्मेट घालावं लागतं.’

आत्या हसली. मग रडली. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. मशीनला लाथ मारली. माझाच अंगठा सुजलाय आता.


२५ नोव्हेंबर, सोमवार

गेलो दवाखान्यात. लंगडत.

मोठ्या सिस्टरला बाजूला घेऊन सांगायला लागलो. तिने हात वर केला. ‘बाजूला नाही. त्या दिवशी काउंटरवरून ओरडला होतास. आजही तिथूनच सांग. तेवढ्याच आवाजात.’

सांगितलं. काउंटरवरून. ‘पट्टी चांगली होती. सिस्टरची काही चूक नव्हती. आमच्याच घरी इस्त्रीने गरम करत होते.’ बाकावर प्लास्टरमधले एक आजोबा होते, ते म्हणाले, ‘ऐकू आलं नाही, परत!’ परत सांगितलं. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, ‘इस्त्री? पायाला?’ सगळा बाक हसला. चांगलं झालं. हसा!

मग ड्रेसिंगच्या खोलीत गेलो. ती गॉजच्या चौकोनी घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं. इस्त्री, बकरम, फलाटीनची घडी. का ते सांगताना अडखळलो. मग तेही सांगितलं. म्हणजे ‘तुम्ही लवकर यावं म्हणून’ इतकंच. का लवकर, ते तिचं तिला कळलं. घडी घालायची थांबली.

मला वाटलं, हसेल. किंवा डोळ्यांत पाणी येईल. मूर्ख आहे मी.

‘तुमच्या घरात,’ ती म्हणाली, ‘बोलायचं सोडून बाकी सगळं करता येतं का रे?’

रे म्हणाली. पहिल्यांदाच. अशा वेळी!

‘माझ्यावर ओरडता येतं तुला. शंभर माणसांत. पण एक वाक्य सरळ बोललास का माझ्याशी? पट्टीचं नाही, तुझं. एक? बोलला असतास तर मी नाही म्हटलं असतं. पहिल्याच दिवशी. दोन दिवस जेवला नसतास, तिसऱ्या दिवशी जेवला असतास. त्या बिचाऱ्या माणसाने स्वतःचा पाय भाजून घेतला नसता तुझ्यापायी. आणि मी दहा दिवस इथे घड्या घालत बसले नसते.’

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

‘आता सांगून टाकते. नाही. ऐकलंस?’

‘ऐकलं.’

‘काकांचा पाय कोमट पाण्यानेसुद्धा धुऊ नका. साधं पाणी. जा आता.’

दरवाजात पोचलो तर मागून — ‘आणि तुझा पाय दाखव बाहेर. सुजलाय.’ दाखवला नाही. तेवढी तरी अब्रू राहू दे.


२६ नोव्हेंबर

बाबांनी विचारलं, ‘भेटली?’

‘हो.’

‘काय म्हणाली?’

‘चिडली. तुमच्यावर, माझ्यावर.’

‘चिडणारच. बरोबर आहे तिचं. आणि?’

‘आणि काही नाही.’

सांगता आलं नाही. तिने ज्यासाठी मला सोलून काढलं तेच पुन्हा केलं, चोवीस तासांच्या आत! पण कसं सांगू? पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या माणसाला कसं सांगू, की ती कधीच हो म्हणणार नव्हती? चार चार दिवसांनी आली असती, रोज आली असती, तरी नाही?

आत्याने ती फलाटीनची घडी कापून भांडी पुसायची फडकी केली. बाबांनी मशीनवर हात ठेवून शपथ घेतली — ‘आता इस्त्री फक्त कपड्यांना.’ ते खरं बोलताहेत, मला कळतं. ती पुन्हा घरोघरी जायला लागली हे ब्रदरकडून त्यांना कळलं तेव्हा चेहरा कसा उजळला! मला बघवलं नाही.

राग कोणाचा करू? सगळे झाले करून.


२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यातल्या बाकावर लिहितोय.

डॉक्टरांनी पट्टी उघडून पाहिली. बाजूची कातडी सुधारते आहे, पण आतलं हाडापर्यंत गेलं आहे. अंगठा काढायचा. शेजारचं बोटही. सोमवारी. मी खुर्चीचा दांडा धरला. डॉक्टर समजावत होते, बाबा मान डोलावत होते, कोणाच्यातरी तिसऱ्याच पायाची गोष्ट असावी तशी.

मग बाबांनी विचारलं, ‘ऑपरेशननंतर ड्रेसिंग घरीच ना?’

‘हो, घरीच.’

‘चार चार दिवसांनी?’

‘नाही नाही, सुरुवातीला रोज. दीड-दोन महिने तरी रोज कोणीतरी येईल.’

‘रोज!’ बाबा म्हणाले. ‘मग ती आधीची सिस्टर मिळेल का? तिचा हात हलका आहे.’ आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मारला.

मी उठलो. ‘बाबा, ती नाही म्हणाली. मी गेलो होतो तेव्हाच. सरळ नाही म्हणाली.’

डॉक्टर कागदात बघायला लागले. बाबा हसतच होते अजून, तोंडावरचं हसू काढायचं राहून गेलं असावं. मग त्यांनी खाली वाकून पायाकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, स्वतःच्या पायाकडे बघावं तसं. अंगठा हलवायचा प्रयत्न केला. हलला.

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.